डाग आणि दृष्टी : दृश्य त्वग्दोषाच्या कथांचा विचार

१

मनुष्याच्या बहुतेक व्याधी प्रथम त्याच्या स्वतःच्या ध्यानात येतात आणि त्याने सांगितल्या तरच इतरांना कळतात. त्वचेच्या आणि केसांच्या विकारांत हा क्रम पुष्कळदा उलटा असतो. मानेच्या मागील बाजूस उमटलेला पांढरा डाग किंवा डोक्याच्या मागे पडलेली चाई रुग्णाला दिसण्यापूर्वी दुसऱ्याला दिसते. विकाराची वार्ता परक्याच्या तोंडून येते, आणि तीही बहुधा 'हे काय झाले?' अशा प्रश्नाच्या रूपाने. त्या क्षणापासून रुग्ण आपल्याच शरीराकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो. दृश्य विकारांच्या मानसिक परिणामांचा विचार करताना या प्रारंभाचा विसर पडू देता कामा नये.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने कोड हा बव्हंशी निरुपद्रवी विकार आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट झाल्यामुळे अंगावर पांढरे चट्टे उमटतात. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटल्याने हे घडते, असे आजचे वैद्यक मानते. कोड स्पर्शाने पसरत नाही. जगाच्या लोकसंख्येत त्याचे प्रमाण शेकडा अर्धा ते दोन इतके सांगितले जाते. चाईची गोष्टही बरीचशी अशीच आहे. तेथे हल्ला केसांच्या मुळांवर होतो, एवढाच भेद. ज्या विकारांत देहाला फारसे दुखत नाही त्यांतच मनाला इतके का दुखावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यकाचा राहत नाही.

समाजशास्त्राने या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे. अर्व्हिंग गॉफमन याने १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टिग्मा' या ग्रंथात दोन प्रकारच्या माणसांत भेद केला : ज्याचे वैगुण्य समोरच्याला आधीच ठाऊक आहे तो, आणि ज्याला ते अजून लपविता येते तो. पहिल्याला समोरच्या माणसाचा अवघडलेपणा सांभाळावा लागतो, तर दुसऱ्याला आपले गुपित. कोड असलेल्या माणसाला ही दोन्ही ओझी वाहावी लागतात. डाग बाहीच्या आत असेपर्यंत एक आणि तो मनगटावर उतरला म्हणजे दुसरे. वैद्यकानेही या दुःखाचे मोजमाप करून पाहिले आहे. कार्डिफ येथील फिन्ले आणि खान यांनी १९९४ मध्ये त्वचाविकाराचा जीवनावर होणारा परिणाम मोजण्यासाठी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली सिद्ध केली. गेल्या आठवड्यात किती संकोच वाटला, कपडे निवडताना विकार किती आड आला, लोकांत मिसळण्यावर त्याचा किती परिणाम झाला, असे प्रश्न तीत आहेत आणि उत्तरांची बेरीज शून्य ते तीस यांच्या दरम्यान येते. संकोच किती आहे हे या बेरजेवरून कळते. तो कोठून आला हे मात्र कळत नाही. त्याचा शोध घ्यावयाचा तर भाषेकडे आणि भाषेने जतन केलेल्या कथांकडे वळले पाहिजे.

त्या कथांकडे पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या परंपरेत दृश्य त्वग्दोषाची गोष्ट बहुधा निवारणाची गोष्ट म्हणून सांगितली गेली आहे. डाग उमटतो, देवता प्रसन्न होते, डाग जातो आणि विवाह होतो. या घडणीत डाग पाहणाऱ्याची सुटका होते; बदलावे लागते ते केवळ ज्याच्या अंगावर डाग आहे त्याला. व्यथितांचे मन या कथांतून अगदीच नाहीसे झालेले नाही. परंतु ते कथेच्या फलश्रुतीत नसून तिच्या फटींत सापडते. त्या फटी दाखविणे आणि आधुनिक वाङ्मयाने व चित्रपटाने त्या कितपत रुंदावल्या हे पाहणे, हा या विवेचनाचा हेतू आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीतील 'कोड' हा शब्द संस्कृत 'कुष्ठ' या शब्दापासून प्राकृताच्या वाटेने आलेला आहे. त्याच शब्दाचे हिंदीतील रूप 'कोढ़' हे मात्र महारोगाचे वाचक आहे. मुळात आयुर्वेदातील 'कुष्ठ' हे एका रोगाचे नाव नसून एका वर्गाचे नाव होते. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे अशा अठरा प्रकारांचा त्यात समावेश होई. पांढऱ्या डागांस 'श्वित्र' किंवा 'किलास' अशी स्वतंत्र नावे होती. ही सूक्ष्म विभागणी लोकभाषेत टिकली नाही. एकाच शब्दाच्या दोन वंशजांपैकी एक जंतुजन्य रोगाकडे आणि दुसरा निरुपद्रवी डागांकडे गेला, आणि दोघांमध्ये भीती मात्र सामाईक राहिली. महारोगाचा जंतू हान्सेन याने १८७३ मध्ये शोधून काढला. त्या रोगावर आज खात्रीचे औषध आहे. तरी 'श्वेतकुष्ठ' हा शब्द वापरणारा माणूस कोडाच्या रुग्णाला नकळत त्या जुन्या भयाच्या छायेत उभा करतो. व्युत्पत्ती ही अशा वेळी केवळ कोशकाराच्या कुतूहलाची बाब राहत नाही.

या नामाबरोबर येणारी क्रियापदे अधिक बोलकी आहेत. ताप येतो, सर्दी होते, व्याधी जडते, साथ पसरते. या साऱ्या प्रयोगांत रोग बाहेरून येणारा आहे. कोड मात्र 'फुटते'. मराठीत पालवी फुटते, घाम फुटतो आणि बिंगही फुटते. जे आत होते ते बाहेर आले, असा या क्रियापदाचा भाव आहे. 'तिच्या अंगावर कोड फुटले' असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात काहीही नसेल. पण ऐकणाऱ्या रुग्णाला आपल्या आत काही होते आणि ते आता उघडे पडले, असा अर्थ लावण्यास भाषेने जागा करून ठेवली आहे.

ही जागा धर्मशास्त्राने भरून काढली. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात कोणत्या पातकाचे कोणते चिन्ह देहावर उमटते याची यादी आहे. तीत वस्त्र चोरणाऱ्याच्या वाट्याला श्वित्र येते. या जोडणीमागील कल्पनाविलास ध्यानात घेण्याजोगा आहे : ज्याने दुसऱ्याचे आच्छादन हिरावले त्याच्या स्वतःच्या आच्छादनाचा रंग उडतो. चरकसंहितेसारख्या वैद्यकग्रंथातही, चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात, श्वित्राच्या कारणांमध्ये विरुद्ध अन्नाबरोबरच असत्य भाषण, कृतघ्नपणा, देवांची निंदा, गुरूंचा अवमान आणि पूर्वजन्मीचे कर्म यांची गणना केली आहे. मासे खाऊन दूध प्याल्याने कोड फुटते, ही महाराष्ट्रात अद्याप ऐकू येणारी समजूत त्या विरुद्ध अन्नाच्या कल्पनेशी मिळतीजुळती आहे. कारण आहाराचे असो की आचरणाचे, दोष रुग्णाचाच ठरतो. रुग्णाच्या मनात वारंवार उठणारा 'मीच का?' हा प्रश्न अशा वातावरणात प्रश्न राहत नाही. तो आरोप होतो, आणि आरोपीला पुरावा स्वतःच्या अंगावर वागवावा लागतो.

पर्यायी शब्दही निर्दोष नाहीत. 'पांढरे डाग' हा प्रयोग 'कोड' या शब्दापेक्षा सौम्य वाटतो. पण 'डाग' हा शब्द कपड्यास आणि चारित्र्यास सारखाच लागतो. विवाहाच्या जाहिरातींतून 'गोरी' आणि 'निर्व्यंग' ही विशेषणे शेजारी शेजारी बसतात आणि त्या शेजारामुळेच त्वचेचा रंग व्यंगाच्या हिशोबात जमा होतो. केसांच्या बाबतीत भाषा आणखी मोकळेपणाने निष्ठुर होते. 'मधुमेही' आणि 'टकल्या' हे दोन्ही शब्द रोगावरून किंवा वैगुण्यावरून माणसाला नाव देतात. परंतु 'मधुमेही' हे वर्णन आहे आणि 'टकल्या' ही हाक आहे. वर्णन माणसाच्या पाठीमागे केले जाते. हाकेला मात्र त्याला ओ द्यावी लागते. ज्या नावाला माणूस रोज ओ देतो ते नाव हळूहळू त्याच्या स्वतःविषयीच्या कल्पनेत शिरते.

३

अपाला, घोषा आणि देवापी या तीन वैदिक व्यक्तींच्या कथा या दृष्टीने वाचल्या पाहिजेत. या तिघांच्याही बाबतीत मूळ सूक्त आणि त्याभोवती पुढे गुंफलेली कथा यांत अंतर आहे, आणि ते अंतर हाच येथे खरा अभ्यासविषय होय.

अपालेचे सूक्त ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात आहे. वाटेवर सापडलेला सोम दातांनी चावून ती इंद्राला देते आणि त्याच्याकडे तीन ठिकाणी वाढ मागते : पित्याच्या मस्तकावर, शेतात आणि स्वतःच्या शरीरावर. पित्याचे टक्कल, पिकाविना राहिलेली जमीन आणि केसांविना राहिलेला आपला देह, या तिन्हींना ती एका मागणीत गोवते. पहिल्यांदा मागताना ती स्वतःचा उल्लेख अखेरीस करते. लगेच पुढच्या ऋचेत तीच मागणी पुन्हा येते तेव्हा क्रम बदललेला असतो : आधी शेत, मग आपला देह, मग पित्याचे मस्तक. स्वतःची उणीव तिने दोन परक्या उणिवांच्या मध्ये ठेवली आहे. हा केवळ छंदाच्या सोयीचा भाग असेल असे कोणी म्हणेल. पण ज्याला आपल्या देहाविषयी बोलण्याची लाज वाटते तो माणूस असाच बोलतो. तो आपले दुखणे घरातल्या इतर अडचणींच्या यादीत मध्येच कोठेतरी घालतो. या दोन ऋचांत व्यथित मनाची जी हालचाल टिपली गेली आहे ती पुढील विस्तृत कथेत सापडत नाही.

सूक्तात त्वचारोगाचे नाव नाही. तेथे 'पतिद्विष्' असा एक समास आहे. पतीचा द्वेष करणारी आणि पतीने जिचा द्वेष केला ती, असे दोन्ही अर्थ त्याचे करण्यात आले आहेत. अखेरीस इंद्र तिला तीन वेळा शुद्ध करून 'सूर्यत्वच्' करतो, एवढे सूक्त सांगते. पुढील परंपरेने हा समास एकाच बाजूने सोडविला : ती त्वग्दोषी होती म्हणून पतीने तिचा त्याग केला. बृहद्देवतेतील कथेप्रमाणे इंद्राने तिच्या तीन त्वचा काढल्या आणि त्यांपासून साळिंदर, घोरपड व सरडा हे प्राणी झाले. कथेला निवारण हवे होते. पण काढून टाकलेली कुरूपता नुसती नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर जावी लागते, हे या तपशिलात नकळत उघड झाले आहे. साळिंदराची आणि घोरपडीची बाजू कोणी विचारली नाही.

घोषेच्या कथेत हे अंतर आणखी स्पष्ट आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील तिच्या सूक्तात 'अमाजुर्' हा शब्द येतो. घरातच जीर्ण होत जाणारी, असा त्याचा अर्थ. पहिल्या मंडलात तिच्यासाठी 'पितृषद्', म्हणजे पित्याच्या घरी बसून राहिलेली, असा शब्द आहे. या दोन शब्दांत अविवाहित स्त्रीचे सारे एकाकी आयुष्य आहे. रोगाचा मात्र त्यांत निर्देश नाही. बृहद्देवतेने तिच्या घरी बसण्याचे कारण पुरविले. ते कारण 'पापरोग' असे आहे, आणि ती साठ वर्षे पित्याच्या घरी राहिली असे तेथे सांगितले आहे. सूक्तातील शब्द तिची अवस्था सांगतात. कथेतील शब्द तिचा निवाडा करतो. 'अमाजुर्' म्हणताना कवीची दृष्टी घोषेच्या दिवसांवर आहे. 'पापरोग' म्हणताना कथाकाराची दृष्टी तिच्या त्वचेवर गेली आहे. पुढे अश्विनीकुमारांच्या कृपेने तिला पती मिळतो आणि निवारणकथा पूर्ण होते. साठ वर्षांचे काय, हा प्रश्न कथा विचारीत नाही.

देवापीच्या बाबतीत निवारण होत नाही, म्हणून त्याची कथा सर्वांत बोधप्रद आहे. प्रतीपाचा हा ज्येष्ठ पुत्र प्रजेला प्रिय होता. परंतु त्याला त्वग्दोष होता. महाभारताच्या उद्योगपर्वातील कथेप्रमाणे राज्याभिषेकाची सिद्धता झाल्यावर ब्राह्मणांनी आणि वृद्धांनी त्यास हरकत घेतली; हीनांग राजा देवांना मान्य होत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. प्रतीपाला अतोनात दुःख झाले आणि देवापी वनात गेला. ही कथा तेथे धृतराष्ट्राच्या तोंडी घातलेली आहे. तो ती दुर्योधनाला सांगतो आणि आपल्यालाही हीनांग म्हणूनच राज्य नाकारले गेले, असे पुढे म्हणतो. ज्याला देवापीच्या अंगावरचा डाग कधीच दिसला नसता असा एक आंधळा राजा तो डाग राज्याच्या आड कसा आला हे सांगतो, ही योजना विलक्षण आहे.

आता बृहद्देवतेतील देवापी पाहावा. तेथे पित्याच्या मृत्यूनंतर प्रजा स्वतःहून त्याला राज्य देऊ करते. कोणीही हरकत घेत नाही. देवापी क्षणभर विचार करतो आणि आपण राज्याला योग्य नाही, शंतनूला राजा करावे, असे उत्तर देतो. कारण म्हणून तो आपला त्वग्दोषच पुढे करतो. या दोन पाठांपैकी जुना कोणता हा वाद येथे अप्रस्तुत आहे. महत्त्वाचे असे की, एका पाठात जो निषेध वृद्धांच्या मुखातून येतो तोच दुसऱ्या पाठात देवापीच्या मुखातून येतो. लोक दार उघडून उभे असताना तो स्वतःच बाहेर थांबतो. बाहेरचा निषेध मनात शिरल्यावर त्याला बाहेरच्या रक्षकाची गरज उरत नाही, हे सत्य आधुनिक मानसशास्त्राने पुष्कळ विस्ताराने मांडले. परंतु या दोन पाठांना शेजारी ठेवले तर ते दोन वाक्यांत दिसते. यास्काच्या निरुक्ताप्रमाणे ज्येष्ठाला डावलून धाकट्याने राज्य घेतल्यामुळे बारा वर्षे पाऊस पडला नाही, आणि अखेर देवापीनेच पुरोहित होऊन पाऊस आणला. परंपरेला आपल्या निवाड्याविषयी स्वस्थता नव्हती, असा याचा अर्थ घ्यावयास हरकत नाही.

४

या सर्व कथांत व्यथित व्यक्तीविषयी दुसरा कोणी तरी सांगत असतो. तिने स्वतः सांगितलेली सलग कहाणी मराठीत प्रथम प्रभावीपणे आली ती केसांच्या संदर्भात, आणि तेथे रोग नव्हता. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. यमूने स्वतः लिहिलेल्या आत्मवृत्ताचे रूप तिला दिलेले आहे, आणि विधवा झालेल्या यमूचे बळजबरीने झालेले केशवपन हा त्या आत्मवृत्तातील असह्य प्रसंग आहे. त्याच वर्षी, १८९० मध्ये, विधवांचे केशवपन करावयाचे नाही असा निर्धार मुंबईतील नाभिकांनी केला होता. प्रश्न समाजात पेटलेला होता. आपट्यांनी तो एका मनाच्या आत नेला.

केशवपन हा विकार नव्हे. परंतु त्याने निर्माण होणारी अवस्था दृश्य विकाराच्या अवस्थेशी अत्यंत जवळची आहे. 'बोडकी' या शब्दात स्त्रीचे नाव, नाते आणि वय पुसले जाऊन केवळ मस्तक उरते. तिचे समोर येणे अशुभ ठरते. ती मागे, आत, अंधारात राहू लागते. फरक एवढाच की, येथे खूण करणारा हात दिसतो. तो हात दिसत असल्यामुळेच लेखकाला आणि वाचकाला अपराध कोणाचा हे ओळखणे सोपे गेले, आणि यमूच्या मनात शिरण्याची वाट मोकळी झाली. कोडाच्या बाबतीत खूण निसर्गाने केलेली असते, तिचा अर्थ मात्र समाजाने लावलेला असतो. खुणेचा कर्ता समाज नाही म्हणून अर्थाचा कर्ताही तो नाही, असा सोयीचा गैरसमज होतो. यमूच्या आत्मवृत्ताने जी पद्धती मराठीला उपलब्ध करून दिली तिचा उपयोग त्वग्दोषी मनाचा शोध घेण्यासाठी फारच तोकडा झाला, याचे एक कारण येथे असावे.

५

निवारणकथेची उलट तपासणी करणारी एक उल्लेखनीय कथा अमेरिकन वाङ्मयात आहे. जॉन अपडाइक याला स्वतःला सोरायसिस होता. या विकाराशी चाललेल्या आपल्या झगड्याविषयी त्याने १९८५ मध्ये आत्मपर निबंधही लिहिला. त्यापूर्वी, १९७६ मध्ये, त्याची 'फ्रॉम द जर्नल ऑफ अ लेपर' ही कथा प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक कुंभारकाम करणारा कलावंत आहे. त्याला महारोग नाही, सोरायसिस आहे. तरी तो स्वतःला महारोगी म्हणवितो. मराठीत 'कुष्ठ' आणि 'कोड' यांच्यात झाले तेच पाश्चात्त्य भाषांत झाले होते. ग्रीक 'लेप्रा' हा शब्द खपल्या धरणाऱ्या त्वचेचा वाचक होता. बायबलच्या ग्रीक भाषांतरात तो विधिनिषेधातील अशुद्ध त्वचेसाठी योजला गेला आणि पुढे महारोगाला चिकटला. अपडाइकच्या निवेदकाने उचललेले नाव हे या साऱ्या इतिहासाचे ओझे आहे.

या कथेत निवारण खरोखर घडते. सोरॅलेन हे औषध आणि विशिष्ट प्रकाशकिरण यांच्या उपचाराने त्याची त्वचा स्वच्छ होऊ लागते. बावचीचे बी आणि सूर्यप्रकाश यांचा जो उपयोग आपल्याकडील वैद्य डागांवर करीत आले त्याचाच हा शास्त्रशुद्ध अवतार होय. बावचीच्या शास्त्रीय नावाशी या औषधाच्या नावाचे नाते आहे. परंतु अपालेची कथा जेथे संपते तेथे अपडाइकची सुरू होते. त्वचा नितळ होऊ लागली तशी त्याच्या भांड्यांची निर्दोष घडण बिघडते, आणि ज्या स्त्रीने त्याला डागांसह जवळ केले होते तिच्याशी असलेला संबंधही विरतो. स्वतःच्या अंगावर जो गुळगुळीतपणा नव्हता तो तो मातीला देत होता. अंगाला तो मिळाल्यावर मातीची गरज संपली. डाग गेला म्हणून डागाभोवती घडलेले मन जात नाही, हा या कथेचा कठोर निष्कर्ष आहे. तिच्यात एक उणीव मात्र राहते. निवेदक स्वतःकडे इतका टक लावून पाहतो की, पाहणारे इतर लोक कथेतून जवळजवळ बाहेर पडतात.

हे इतर लोक मध्यभागी आणण्याचे काम सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'नितळ' या २००६ च्या मराठी चित्रपटाने केले. देविका दफ्तरदार यांनी साकारलेली नीरजा ही कोड असलेली तरुण डॉक्टर. तिच्यावर प्रेम करणाऱ्या सहकाऱ्याच्या कुटुंबात ती येते आणि त्या सुशिक्षित घरातील एकेका माणसाची परीक्षा सुरू होते. चित्रपटाच्या रचनेतील मर्म येथेच आहे. नीरजेच्या त्वचेत काही बदल होत नाही. बदलते, किंवा बदलण्याचे नाकारते, ते पाहणाऱ्यांचे मन. वैदिक कथांत ज्याला मोकळे सोडले गेले त्या प्रेक्षकाला येथे जबाब द्यावा लागतो. शीर्षकाची योजनाही विचारपूर्वक झालेली आहे. 'नितळ' हे विशेषण मराठीत पाण्याला आणि कांतीला लागते. विवाहेच्छू मुलीच्या त्वचेकडून ज्या गुणाची अपेक्षा होते तो गुण चित्रपट दृष्टीकडे आणि मनाकडे वळवितो. एका शब्दाचे विशेष्य बदलून संपूर्ण प्रश्नाची दिशा बदलणे, हे भाषेच्या अभ्यासकाने दाद द्यावी असे कार्य आहे. पुण्यातील डॉ. माया तुळपुळे यांनी कोड असलेल्यांसाठी उभारलेल्या मदतगटाला 'श्वेता' हे नाव दिले, त्यामागेही अशीच दृष्टी दिसते; ज्या धातूपासून 'श्वित्र' हे रोगनाम झाले त्याच धातूचे हे रूप आता एका मुलीचे आवडते नाव म्हणून वावरते.

तथापि 'नितळ'ची मर्यादाही नमूद केली पाहिजे. नीरजा बुद्धिमान आहे, डॉक्टर आहे, तिच्या वागण्यात संयम आणि आत्मविश्वास आहे. प्रेक्षकाने तिला स्वीकारावे यासाठी तिच्या डागांच्या बदल्यात इतके गुण पारड्यात घातले आहेत की, स्वीकार न करणारा माणूस सहजच क्षुद्र ठरतो. हे भरपाईचे तत्त्व नवे नाही. घोषा सूक्तकर्त्री आहे म्हणून तिचे नाव राहिले. देवापी पाऊस आणणारा पुरोहित ठरला. अपडाइकचा निवेदक असामान्य कारागीर आहे. डाग असलेल्या माणसाला कथेत प्रवेश मिळण्यासाठी त्याने काही तरी असामान्य असावेच लागते. शिवाय कसोटी पुन्हा विवाहाचीच राहते. अपालेपासून नीरजेपर्यंत त्वचेचा प्रश्न वराच्या घराच्या उंबरठ्यावरच सुटतो किंवा अडतो. विवाहाचा विचारही न करणारी, साधारण बुद्धीची, चिडखोर स्वभावाची, डाग असलेली एखादी कारकून स्त्री आपल्या कथेत येईल आणि तिच्या चिडखोरपणाचे खापर डागावर फोडले जाणार नाही, तेव्हा भरपाईचे तत्त्व मोडले असे म्हणता येईल.

६

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. दृश्य विकाराचे मानसिक दुःख ही विकाराची अपरिहार्य छाया नव्हे. ते तीन पायऱ्यांनी घडते : दुसऱ्याची दृष्टी त्वचेवर पडते, भाषा त्या दृष्टीला नाव देते, आणि रुग्ण ते नाव स्वतःच्या तोंडाने उच्चारू लागतो. उद्योगपर्वातील देवापी दुसऱ्या पायरीवर उभा आहे, बृहद्देवतेतील देवापी तिसऱ्या. निवारणकथा या तिन्ही पायऱ्या ओलांडून थेट त्वचेवर काम करते, म्हणून ती सांत्वन देते पण समज देत नाही. औषधोपचाराचे महत्त्व याने कमी होत नाही. ज्याला डाग घालवावयाचे आहेत त्याने ते अवश्य घालवावेत. प्रश्न आहे तो ज्याचे डाग जाणार नाहीत त्याच्याविषयी वाङ्मयाने काय म्हणावे, हा.

कायद्याने आपल्या बाजूने काही पावले टाकली आहेत. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये झाला त्यात महारोग हे घटस्फोटाचे एक कारण मानलेले होते. २०१९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकण्यात आले. कायद्यातील शब्द एका ठरावाने खोडता येतो. बोलीतील आणि कथेतील शब्द तसा खोडता येत नाही. तो वापरातून बदलावा लागतो. मराठीचे अध्यापक, कोशकार आणि समीक्षक यांच्याकडे या बाबतीत दोन कामे येतात. कोडासाठी 'श्वेतकुष्ठ' हा शब्द पाठ्यपुस्तकांतून आणि कोशांतून मुख्य नोंद म्हणून राहणार नाही हे पाहणे, हे पहिले आणि सोपे काम. अपाला, घोषा आणि देवापी यांच्या कथा वर्गात शिकविताना इंद्राची आणि अश्विनांची कृपा सांगून न थांबता, आपल्या देहाचा उल्लेख शेत आणि पित्याचे मस्तक यांच्या मध्ये दडविणारी ती मुलगी विद्यार्थ्यांना दाखवून देणे, हे दुसरे. हे काम अधिक कठीण आहे, कारण त्यासाठी शिकविणाऱ्यालाही आपण कोणाकडे कसे पाहतो याचा हिशोब द्यावा लागतो.